झाकणावरचे पीठ

"भाऊ, जरा बिगीनं या. वैनी उठंनात..." शाहूपुरीतल्या शोभाताईंचा फोन आला तेव्हा मी मंदिरात जायला पायांत चपला सरकवत होतो. त्या शब्दांत काय होते ते कळायला क्षणही लागला नाही, आणि तरीही मी विचारले, "डॉक्टरांना बोलावले का?" दिवाळी आठवड्यावर आली होती. आदल्या दुपारी पद्मावहिनींनी भट्टी लावली होती, दिवस मावळायच्या आत दोन घास खाल्ले होते, शेजारी शोभाताईंच्या हातात नानकटाईचा डबा देऊन "चव बघा आणि तोंडावर सांगा, माघारी बोलू नका" असे बजावले होते, आणि मग झोपेतच त्या गेल्या. माझ्या थोरल्या भावाची पत्नी. वय पासष्ट. आजार म्हणावा असा काही नव्हता.

मी पोहोचलो तोवर बाहेरच्या खोलीत माणसे जमली होती. मला तिथे उभे राहवेना. पाणी आणायच्या निमित्ताने मी आत गेलो, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या पडवीत आलो. ओट्यावर पितळी पातेले होते, त्यातली वाळू केव्हाच निवलेली. शेजारी काळे लोखंडी झाकण ठेवलेले होते, आणि त्याच्या मधोमध, कडीला लागून, चिमूटभर पीठ. तीन बोटांनी सोडलेले, जसेच्या तसे. कुणी एक बाई हातात ओले फडके घेऊन ओटा आवरायला पुढे झाल्या. "त्याला हात लावू नका," मी म्हणालो. माझा आवाज बराच चढला असावा, कारण बाहेरचे रडणे थांबले आणि दोघेतिघे दारात येऊन पाहू लागले. मी हळू बोलणारा माणूस आहे. मोजणी खात्यातल्या नोकरीत, बांधावर दोन्हीकडची माणसे ओरडत असतानाही मी आवाज चढवलेला कुणाला आठवणार नाही. त्या घरात माझा आवाज असा चढल्याचा हा दुसरा प्रसंग. पहिल्या प्रसंगाबद्दल लिहायला मी बसलो आहे, आणि गेले सात आठवडे तेच लिहायचे टाळतो आहे. दोनदा कागद घेतला आणि उठून गच्चीवर फेऱ्या मारत राहिलो.

वहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा मी आठवीत होतो. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. वडील, दादा आणि मी अशा तीन पुरुषांच्या घरात स्वयंपाक होत असे, पण घरात वास असा कसलाच नसे. वहिनींचे माहेर नेसरीजवळचे. ऊस, चार म्हशी आणि स्वतःचे गुऱ्हाळ. दादाचे शाहूपुरीत मोटारपंपांचे दुकान होते. पहिल्या दिवाळीला माहेरी जाऊन परतताना त्यांचे वडील पोचवायला आले, ते पोत्यात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन. गुऱ्हाळावरची रस आटवायची काहील, म्हणजे ती भली मोठी लोखंडी कढई, गळायला लागली होती. तिच्याच पत्र्यातून लोहाराकडून गोल तुकडा कापून, मधे कडी ठोकून त्यांनी झाकण करून आणले होते. माझ्या वडिलांसमोर ते ठेवत म्हातारा म्हणाला, "पावणं, पोरीला भाजायचा लई नाद हाय. माझ्या गुऱ्हाळाच्या चुलवाणावर भाजून भाजून गडी लोकांस्नी बिघडवून ठेवल्यानं. आता तुमी बिघडा."

आणि आम्ही बिघडलो. त्या काळी दिवाळी जवळ आली की आमच्या गल्लीतल्या बायका मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीच्या भट्टीपुढे नंबर लावत. वहिनी कधी गेल्या नाहीत. "रांगेत उभी राहून दुसरीच्या तुपाचा वास घेत बसू व्हय मी?" असे त्या म्हणत. पडवीत जमिनीवर गॅसची शेगडी मांडायची, पितळी पातेल्यात तळाला नदीची वाळू पसरायची, वाळूवर एक लोखंडी कडे, त्यावर नानकटाईची ताटली. झाकण शेजारच्या दुसऱ्या शेगडीवर तापवून घ्यायचे आणि आकड्याने उचलून पातेल्यावर ठेवायचे, म्हणजे खालून वाळूची आणि वरून लोखंडाची आच लागते. हा सगळा खटाटोप त्यांनी एकट्याने कधी केला नाही. सुट्टी लागली की मुले हवीतच. आधी मी होतो. माझ्या हातचा पहिला घाणा तळाला काळा ठिक्कर झाला होता, तो त्यांनी माझ्या वडिलांच्या पुढ्यात ठेवला आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "मामंजी, ह्यो मुलगा शिकतोय. मोडून खावा, पण नाव ठेवू नका." वडिलांनी ती मोडून खाल्ली. आई गेल्यानंतर त्या दिवशी मी वडिलांना प्रथम हसताना पाहिले... हे मी वहिनींना कधी सांगितले नाही. न सांगितलेल्या गोष्टींची माझी यादी इथूनच सुरू होते.

दादा-वहिनींना मूल झाले नाही. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे, वहिनीही नाही. माझे लग्न झाले, श्रुती झाली, आणि तिने बोलायला लागल्यावर वहिनींना 'मोठी आई' म्हणायला सुरुवात केली. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या चुलतबहिणीची दोन मुले इचलकरंजीहून येत, गल्लीतली पाच-सहा जमत, आणि पडवीत गुडघ्याला गुडघा लावून पंगत बसे. मैदा, तूप, दळलेली साखर, आणि नेसरीहून गूळ आला असेल तर एक घाणा गुळाचा. हाताला तूप लावून गोळे वळायचे, अंगठ्याने दाबायचे, वर एक चारोळी. कुणाची नानकटाई तडकली, कुणाची पसरली, की वहिनींचे निकाल लागत. "मोठी आई, माझी फुगली!" असे श्रुती ओरडली की, "फुगणारच की. वळताना मगाधरनं तू बी फुगून बसलीयास." मी ऑफिसातून आलो की मुलांना सांगत, "सरळ वळा रे, मोजणीवाले आले. एक मोठी आन् एक बारकी दिसली तर हद्दीवर हरकत घेतील." मी हसत असे. खरे सांगायचे तर ते हसणे वरवरचे असे. मला पडवीभर सांडलेले पीठ, तुपाचे हात, दारांच्या कडांना उमटलेले पंजे सहन होत नसत. मी नीटनेटका माणूस आहे असे लोक कौतुकाने म्हणतात. त्या कौतुकाचा आता मला धाक वाटतो.

त्या पडवीचा एक नियम होता. तापलेले लोखंड लाल दिसत नाही, वाफ सोडत नाही. काहिलीचा तो पत्रा गार असताना जसा काळा, तसाच गरम असताना काळा. म्हणून वहिनी झाकण खाली ठेवले की त्यावर लगेच चिमूटभर पीठ टाकत. पीठ दिसले की हात मागे. नियमाचा दुसरा भागही होता, आणि मुलांना तो जास्त आवडे: ज्याने पीठ टाकले त्यानेच ते पुसायचे, तेही उलटा हात टेकवून, गार झाले अशी खात्री करून. दुसऱ्या कुणी पुसायचे नाही. घरातल्या कर्त्या माणसानेसुद्धा नाही. एकदा दादाने गमतीने पुसायला हात पुढे केला तर सहा-सात मुले एकदम ओरडली होती. सांगून न ऐकणारी मुले त्या चिमूटभर पिठाचे मात्र ऐकत, कारण ते एकदाही चुकले नव्हते. मी स्वतः आठवीत असल्यापासून ते ऐकत आलो होतो. हे सगळे इतक्या सविस्तर सांगण्याचे कारण एवढेच, की मला नियम माहीत नव्हता असे कुणी समजू नये.

श्रुती सहा वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीतला तिसरा किंवा चौथा दिवस, दुपारचे चार वाजले असावेत. ऑफिसातले एक वरिष्ठ संध्याकाळी सपत्नीक घरी यायचे होते, म्हणून मी लवकर आलो. पडवीत पाहिले तर मुले परसात हात धुवायला गेलेली, वहिनी पुढच्या दारी दूधवाल्याशी बोलत उभ्या. पातेले उघडे, ताटलीत ताज्या नानकटाया, आणि जमिनीवर झाकण, वर पीठ. सगळीकडेच पीठ. पाहुणे यायला तास-दीड तास राहिला होता आणि त्यांना दाखवायला आमच्याकडे ही पडवी होती... असे काहीतरी माझ्या मनात आले. कोपऱ्यातले फडके घेऊन मी फरशी पुसू लागलो. पुसत पुसत झाकणापर्यंत आलो, आणि हात न थांबवता त्यावरूनही फडके फिरवले.

इथे मी दर वेळी थांबतो. चोवीस वर्षे मी स्वतःला सांगत आलो, की ते नकळत झाले, पुसण्याच्या ओघात झाले. पण फडक्यातून माझ्या तळव्याला धग लागली होती. मी हात झटकन मागे घेतला होता. म्हणजे झाकण गरम आहे हे मला त्या क्षणी कळले होते, आणि पीठ आता त्यावर नाही हेही दिसत होते. परत चिमूटभर टाकायला पिठाचा डबा दोन हातांवर होता. मी मनाशी म्हणालो, वहिनी येतीलच एवढ्यात. आणि फडके झटकायला मोरीकडे वळलो.

मागून किंकाळी आली. हात धुऊन श्रुती सगळ्यांच्या आधी पळत आली होती. आपली जागा पकडायला म्हणून ती बसली, आणि बसताना आधाराला उजवा तळवा झाकणावर टेकवला. पीठ नव्हते. तिने पाहिले होते, रडत रडत ती तेच सांगत होती, "पीठ नव्हतं... पीठ नव्हतं..." वहिनी धावत आल्या. मी त्यांच्याकडे वळलो आणि बोललो. आवाज गल्लीपर्यंत गेला. "पीठ टाकायला विसरलात? एवढी एक गोष्ट लक्षात राहत नाही? स्वतःचे मूल असते तर विसरला असतात का?"

ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडताना मला ऐकू येत होते. वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिले. ते पांढरे झाले होते. एवढ्यात दादा आणि माझी पत्नी सुजाता आतून येण्याची चाहूल लागली. वहिनी पुढे झाल्या, त्यांनी ते फडके माझ्या हातातून काढून घेतले आणि पाण्याच्या बादलीत बुडवले. मग श्रुतीला मांडीवर घेऊन तिचा हात दुसऱ्या बादलीतल्या थंड पाण्यात धरला. "काय झालं? कसं झालं?" दादाने विचारले. "माझंच चुकलं," वहिनी म्हणाल्या. "इसरलो मी पीठ टाकायला." त्यांच्याकडच्या बायका बोलतात तशाच त्या शेवटपर्यंत 'आलो', 'गेलो', 'इसरलो' म्हणत. त्या एका शब्दावर दादा गप्प झाला, सुजाता गप्प झाली, आणि मीही गप्प राहिलो. डॉक्टरांनी मलम दिले, पंधरा-वीस दिवसांत हात बरा झाला. अंगठ्याच्या मुळाशी एक गुळगुळीत डाग मात्र राहिला.

मी त्या संध्याकाळी जाहीर केले, की यापुढे माझे मूल त्या पडवीत बसणार नाही. वर्षभरात आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेलो. ऑफिस जवळ पडते, असे कारण मी सगळ्यांना सांगितले, सुजातालाही. खरे कारण असे, की वहिनी मला जेवायला वाढायला आल्या की मला त्यांचे हात दिसत, आणि ते हात फडके बादलीत बुडवताना दिसत. त्यांनी एकदाही, एका नजरेनेही, मला त्याची आठवण करून दिली नाही. ओरडल्या असत्या तर कदाचित मी टिकलो असतो. पुढच्या दिवाळ्यांना आमच्याकडे नानकटाईचा डबा येत राहिला. सुट्टीत श्रुतीला मी पोहायला, चित्रकलेच्या वर्गाला, एकदा पन्हाळ्याला मुलांच्या शिबिराला पाठवले. पडवी सोडून सगळीकडे. गल्लीतली मुलेही हळूहळू यायची थांबली. एका शब्दाने एका बाईच्या हाताखालून मुले कशी उठून जातात ते मी पाहिले, आणि शब्द परत घेतला नाही. माझ्या नोकरीत मी शेकडो लोकांचे जबाब लिहून घेतले आहेत. 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असे त्यांच्याकडून लिहवून खाली सही घेतली आहे. माझा जबाब राहून गेला.

दादा नऊ वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा वहिनींकडे जाऊ लागलो. गॅसची नळी बदल, दिवा लाव, औषध आण, अशी कामे मी शोधून काढत असे. घरात एकट्याच होत्या, तरी चहाच्या पातेल्यावरची ताटली उतरवून ठेवली की तिच्यावर पीठ टाकत. मी ते पाहत असे आणि खिडकीची कडी तपासायला उठत असे. दर वेळी जाताना मी ठरवून जात असे, आज सांगायचे. पायरी चढेपर्यंत वाक्य तयार असे. दार उघडून त्या "या भावजी, आज काय मोडलंय म्हनून आलाय?" असे म्हणत, आणि मी खरोखरच काहीतरी मोडलेले शोधू लागत असे.

शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या पाच दिवस आधीची. श्रुती पुण्याला असते. दिवाळीला ती तिच्या चार वर्षांच्या आर्याला घेऊन यायची होती. वहिनी ओट्यापाशी वाळू चाळत होत्या. शेगडी आता त्यांनी ओट्यावर घेतली होती, गुडघे वाकत नव्हते. माझ्याकडे पाठ होती. चाळता चाळता त्यांनी विचारले, "भावजी, एक इचारू? आर्या येईल तवा तिला जरा जवळ बसवून घेऊ का? लांबच बसवीन. चालंल न्हवं?"

चोवीस वर्षांनी त्या माझी परवानगी मागत होत्या. त्या क्षणाला नुसते "वहिनी, मला काय विचारता?" एवढे म्हटले असते तरी अर्धे सांगून झाले असते. त्यांनी ते दार स्वतः उघडून दिले होते. आज मला वाटते, कदाचित मुद्दामच. आणि माझ्या तोंडून आले ते असे, "बघू या... श्रुतीला विचारून सांगतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "सांगा सावकाश. मी आपला एक घाणा काढून बघतो, हात बसलाय का मोडलाय ते." त्याच घाण्याचे झाकण मी त्या सकाळी ओट्यावर पाहिले. मी श्रुतीला विचारले नव्हते. फोन तीनदा हातात घेतला होता.

वहिनी गेल्या त्याच दिवशी श्रुती आर्याला घेऊन आली. चौथ्या दिवशी, येणारे-जाणारे ओसरल्यावर, आम्ही तिघे पडवीत होतो. फळीवरच्या डब्यात वहिनींच्या शेवटच्या नानकटाया होत्या. आर्या डब्याकडे हात करून स्टुलावर चढली, ओट्यावर हात टेकणार तोच तिला झाकण दिसले, आणि तिने हात छातीशी ओढून घेतला. "पीठ आहे," ती मला म्हणाली. "भाजेल."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"आईनं. आमच्या ओव्हनच्या ट्रेवर पण टाकतो आम्ही. आईनं टाकलं तर आईनं पुसायचं, मी टाकलं तर मी."

मी श्रुतीकडे पाहिले. ज्या पिठाने तिला फसवले असे तिला वाटत होते, त्याच पिठावर विश्वास ठेवायला तिने आपल्या मुलीला शिकवले होते. मी तिला विचारले, की मोठी आई विसरली होती ना, मग तरीही? श्रुती म्हणाली, "एकदा विसरली म्हणून काय झालं? नंतर किती घाबरायची माहितीय तुम्हाला? मी कॉलेजात असताना यायचे ना इथं, तुम्हाला न सांगता. भट्टी लागलेली असली की मला पडवीच्या उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. 'बाबास्नी इचारून ये, मग बस' म्हणायची. उंबऱ्यावर बसवून हातात पीठ द्यायची वळायला. मी एकदा विचारलं, मोठी आई, नक्की कसं विसरलीस गं? तर म्हणाली, 'व्हय बाई, इसरलो. वय झालं की इसरतंय माणूस.' मला भाजलं तेव्हा चाळिशीतली बाई होती हो ती."

मग मी सांगितले. उभ्याउभ्याच सांगितले, कारण बसलो असतो तर पुन्हा राहून गेले असते. फडके, फरशी, तळव्याला लागलेली धग, दोन हातांवरचा पिठाचा डबा, बादली. आर्या नानकटाई खात आमच्याकडे पाहत होती. माझे बोलणे संपल्यावर श्रुती आपला उजवा तळवा पाहत राहिली, त्या गुळगुळीत डागावरून अंगठा फिरवत. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, बाबा? मला राग नव्हताच कुणाचा. जिला सांगायचं ती..."

आर्याने डबा बंद केला आणि झाकणाकडे बोट दाखवून विचारले, "हे कुणी टाकलं होतं?"

"मोठ्या आज्जीनं," श्रुती म्हणाली.

"मग मोठ्या आज्जीनंच पुसायचं. ती कुठंय?"

श्रुती उठली. आर्याचा हात धरून आत जाता जाता ती दारात थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्हीच पुसा. तुम्हाला सवय आहे."

माझ्या मुलीने मला आयुष्यात उलट उत्तर असे हे एकच दिले आहे, आणि मी ते पूर्णपणे कमावलेले आहे. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी नेहमीसारखे बोलली, जाताना नेहमीसारखी पाया पडली. पण अधूनमधून बोलता बोलता ती थांबते, आणि त्या थांबण्यात काय असते ते मला माहीत आहे. तिने माफ केले असे ती म्हणालेली नाही; मी विचारलेले नाही. तिच्याकडून माफी घेऊन माझी सुटका होईल, अशी हाव मला पडेल या भीतीने मी विचारत नाही. ज्या घरात मला आईनंतरचा पहिला वास मिळाला, त्या घरातल्या बाईला मी मुलांपासून तोडले, आणि तिने तिच्यावर आलेला आळ अंगावर घेऊन माझ्या मुलीच्या मनातला तिचा बाप शाबूत ठेवला. हे तिच्या हयातीत एकदा तरी मोठ्याने बोलले जायला हवे होते. निदान छापून तरी यावे, म्हणून हे लिहिले. ज्या गल्लीने माझा तो चढलेला आवाज ऐकला, तिथे हा कागद वाचणारे अजून काही जण असतील.

शाहूपुरीतल्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. ऑफिस सुटले की मी रोज जातो. दार उघडतो, दिवा लावतो, पडवीत येतो, दोन मिनिटे उभा राहतो, परत बाहेरच्या खोलीत जातो, परत येतो. सुजाता म्हणते, घर झाडून घेऊ, भांडी आत ठेवू. मी आज-उद्या करतो. पडवीची खिडकी मी बंद ठेवली आहे, वारा लागू नये म्हणून. तरी पीठ कमी होते आहे. मुंग्या नेत असतील, किंवा ते नुसतेच बसत चालले असेल. आधी कडीभोवती तीन बोटांची चिमूट स्पष्ट दिसत होती. आता एक फिकट डाग उरला आहे. हात न लावताही ते जाणार, हे मला दिसते. आणि ते आपोआप जावे असे मला वाटत नाही, मी पुसावे असेही वाटत नाही.

नाताळची सुट्टी लागते आहे. आर्या येणार आहे, आणि मोठ्या आज्जीच्या पातेल्यात नानकटाई करायची असे तिने जाहीर केले आहे. आजोबांनी शिकवायची, असेही. श्रुतीने त्याला हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. काल संध्याकाळी मी पडवीतच होतो तेव्हा फोन आला. पलीकडून आर्याचा आवाज. पुण्याहून काय काय आणणार, मैदा कोण आणणार, चारोळ्या तिनेच लावायच्या, सगळे ठरवून झाले. मग तिने विचारले, "आजोबा, झाकण गार झालं का?"

मी ओट्यापाशी गेलो. वहिनींनी शिकवला होता तसा उलटा हात झाकणाच्या कडेला टेकवला. सात आठवडे न तापलेले लोखंड. दगडासारखे थंड.

"सांगा ना. गार झालं का?"

"नाही गं, बाळा," मी म्हणालो. "अजून नाही..."